आबांची अक्षरं आणि एकाहत्तर टक्के

५ जानेवारी

ही डायरी बियाण्याच्या कंपनीची. आमच्या ह्यांना कृषी केंद्रातून फुकट मिळाली. पहिल्या पाच पानांवर कपाशीला कोणतं खत कधी टाकायचं ते छापलंय. परवा जेवताना मी पोळ्यांचा डबा आपटला, तर हे म्हणाले, "लोकायवर वरडन्यापेक्षा याच्यात वरड. कागदाले कान नसतात." म्हणून लिहायला बसले.

दुकानाचा कॉम्प्युटर आज तिसऱ्यांदा बंद पडला. तोही कधी, तर समोर रोहिणखेडचे अर्जुनराव बसलेले असताना. अर्जुनराव म्हणजे तिथल्या ज्ञानदीप वाचनालयाचे अध्यक्ष. वाचनालयाची पाटी नवी करायची आहे आणि ती २६ जानेवारीलाच लावायची आहे. जुनी पाटी चाळीस वर्षांपूर्वी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पत्र्यावर रंगवली होती. आबांचं नाव उत्तमराव; तेव्हा धामणगावपासून मोताळ्यापर्यंत जी पाटी दिसेल ती 'उत्तम पेंटर'ची. आता पन्हळीचं पाणी पडून पडून त्या पाटीचा डावा कोपरा गेलाय. पहिलं अक्षर तर पार धुऊन निघालंय.

अर्जुनराव म्हणाले, "वंदनाताई, अक्षर मात्र उत्तमरावाचंच पाह्यजे. दुसरं लावलं तं गावातले म्हातारे मले वाचनालयात बसू द्याचे नाहीत."

मी म्हटलं, होईल. तेवढ्यात स्क्रीन निळा झाला आणि पेटीतून टक-टक, टक-टक असा आवाज सुरू झाला. मी पेटीला लाथ घातली. अर्जुनरावांनी पाय वर घेतले.

त्या पेटीतल्या डिस्कमध्ये काय आहे ते फक्त मला माहीत. फ्लेक्सचे हजारो फोटो आहेतच, पण एका फाईलमध्ये आबांची अक्षरं आहेत. अ पासून ज्ञ पर्यंत, एकाखाली एक, एकच मोठं चित्र. तेरा वर्षांपूर्वी मी आबांच्या कागदांवरून स्कॅन केली होती. दुकानांच्या कायमच्या पाट्या मी त्याच अक्षरांत करते. पोळ्याच्या दिवशी आबांना लकवा मारला आणि उजवा हात गेला. आता अक्षरं फक्त तिथेच आहेत. आबांना हे ठाऊक नाही, आणि मी सांगणारही नाही.

६ जानेवारी

गणेशला फोन केला. धाकटा भाऊ, पुण्यात कॉम्प्युटरच्याच कंपनीत. म्हणे, "ताई, डिस्क मरायला आलीये आणि भरलीये पण. दोन टीबीची घे आणि क्लोन कर. सिंपल आहे."

"क्लोन म्हणजे?"

"जशीच्या तशी झेरॉक्स. नुसत्या फायली कॉपी करून तुझं फ्लेक्सचं मशीन चालणार नाही, त्याचं सॉफ्टवेअर त्या डिस्कला बांधलेलं आहे."

आणि ज्याने ते सॉफ्टवेअर बसवून दिलं तो धंदा गुंडाळून कधीच गेला. म्हणजे झेरॉक्सशिवाय गत्यंतर नाही.

'सिंपल आहे.' पुण्यात बसलं की सगळं सिंपलच दिसतं. आबांना लकवा मारला तेव्हा हा तीन दिवस आला आणि तीनही दिवस मांडीवर लॅपटॉप. आबांना संडासला कोण नेतं, तोंडाला लागलेलं वरण कोण पुसतं, हे सिंपल नाही. नुसता फोन ठेवला.

९ जानेवारी

आज दोन गोष्टींनी डोकं फिरलं.

एक, फ्लेक्सचे उरलेले तुकडे पुन्हा गायब. कोपऱ्यात गुंडाळी ठेवते, आठवड्यात निम्मी होते. दिवाळीपासून हेच चाललंय. आईला विचारलं तर तिने लुगड्याचा पदर झटकला आणि म्हणाली, "मले काय ठाव?" दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत आई आणि आबा राहतात, तिसरं माणूस येत नाही. नक्की हीच शेजारणींना वाटते, खारोड्या वाळत घालायला. वर मागच्या खोलीत टर्पेंटाइनचा वास. विचारलं तर म्हणे, खिडकी पुसली. खिडकीला जाळी तशीच होती, कोळ्याची.

दुसरं, आबा. ते दिवसभर दुकानाच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसतात. अन्नपूर्णा भोजनालयाची पाटी वाळत घातली होती. बराच वेळ पाहत राहिले आणि त्या अर्ध्या तोंडाने म्हणाले, "वंदे, त्या ण चा पाय आखूड कापला तुनं. त्याचा पाय लांब असते."

मी म्हटलं, "कॉम्प्युटरचं अक्षर आहे ते आबा. येतं तसं येतं."

"हाव," म्हणाले आणि हसले. तोंडाची एकच बाजू हसते आता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेरा वर्षांत या माणसाने माझ्या एका फ्लेक्सला चांगलं म्हटलं नाही. एकाला क चं पोट सुटलंय, एकात मात्रा उपाशी आहे. घर कशावर चालतं? त्या मशीनवरच ना? संध्याकाळी ण मोजून पाहिला. पाय खरंच आखूड कापला गेला होता, माझ्याच हाताने. ते अजून वाईट.

१४ जानेवारी

संक्रांत. गोड बोलायचा दिवस, म्हणून सकाळपासून तोंड मिटून आहे.

मलकापूरच्या राजकुमारच्या दुकानातून नवी डिस्क आणली, जोडायच्या केबलसकट. लहान वहीएवढी आहे पण वजनदार. घरी आणली तर आई ताट घेऊनच उभी. नवी वस्तू आहे, देवापुढे ठेव. दारातून आबाही म्हणाले, "ठेव वं." आबांना या यंत्रांचा एवढा पुळका कधीपासून?

ठेवली. मी फोनवर लग्नाच्या एका गिऱ्हाइकाशी भांडत होते. त्याला नवरदेवाच्या चुलत्याचा फोटो नवरदेवापेक्षा मोठा हवा होता. आई हळद-कुंकू कालवून विचारत होती, "कुठं लावू वं?" मी म्हटलं लाव कुठंही. "हे सोन्यावानी चमकून राह्यलं, तिथंच लावते मंग." मी म्हटलं लाव बाई, लाव. तिने बोटाने चांगलं दाबून लावलं, वर अक्षता, वर तीळ. आबांनी डाव्या हाताने नमस्कार केला.

१५ जानेवारी

आज करीचा दिवस. आई म्हणाली, आज नवं काम धरू नको. मी म्हटलं, करीचा दिवस कॉम्प्युटरला कळत नाही.

जोडली. दिसत नाही. काढली, पुन्हा जोडली. एकदा दिसली आणि गेली. केबल बदलली, पेटीचं भोक बदललं, कॉम्प्युटर पाच वेळा बंद-चालू केला. गणेशने व्हिडिओवर पाहिलं. "ताई, केबल लूज असेल." "ताई, पॉवर कमी पडत असेल." "ताई, डिस्कच डिफेक्टिव्ह असेल." तिसऱ्याला मी म्हटलं, तू इंजिनियर आहेस की ज्योतिषी?

डिस्कच खराब आहे. राजकुमारने फसवलं मला. बाई दिसली की दुकानातला सडका माल बांधून द्यायचा. उद्या जाते आणि त्याची दुकानातच पूजा करते.

आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "म्हनलं व्हतं ना म्या." मी चहा घेतला नाही.

१६ जानेवारी

लिहू की नको? लिहिते. कागदाला कान नसतात.

पहिल्या एसटीने मलकापूरला गेले. राजकुमारच्या दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. बरं झालं, म्हटलं ऐकू दे सगळ्यांना. जे तोंडात आलं ते बोलले. सडका माल, लबाड, ग्राहक मंच, सगळं. त्याने डिस्क घेतली, उजेडाकडे धरली आणि म्हणाला, "ताई, हे कोन लावलं?"

जोडायच्या खाचेत, त्या सोनेरी रेघांवर, हळद-कुंकवाचा वाळून कडक झालेला थर. मध्ये एक तीळ.

"ताई, हे सोनेरी दिसते ना, याच्यातून डेटा जाते. हळद नाही जात."

मी म्हटलं, "आमच्यात नव्या वस्तूला लावतात."

"आमच्यात बी लावतात. डब्याले लावतात."

सगळे हसले. एक म्हातारा तर खुर्चीवरून पडता पडता राहिला. राजकुमारने खोडरबराने खाच घासली, पिनेने तीळ काढून माझ्या हातावर ठेवला, डिस्क जोडून दाखवली. लगेच दिसली. माफी मागायला हवी होती. मी म्हटलं, "हे आधी सांगायला काय होतं?"

एसटीत रडायला येत होतं आणि त्याचाही राग येत होता. घरी येऊन आईवर ओरडले. ती म्हणाली, "तूच तं म्हनली लाव." म्हणाले होते, हे खरं आहे. वर लिहूनच ठेवलंय मी.

१७ जानेवारी

सकाळी नऊला क्लोन सुरू केला. कुठून घ्यायचं आणि कुठे टाकायचं, हे गणेशने चार वेळा वाचून घेतलं माझ्याकडून. उलटं झालं तर कोरी डिस्क भरलेल्यावर उमटेल आणि सगळं पुसलं जाईल म्हणे. म्हणून बटण दाबायच्या आधी पाचव्यांदा मीच वाचलं.

दहा टक्के, तीस, पन्नास. आबा खुर्ची ओढून स्क्रीनसमोर येऊन बसले. म्हटलं आबा, काही दिसत नाही यात, नुसती पट्टी सरकते. म्हणाले, "मंग पट्टी पाह्यतो."

दुपारी दोनला एकाहत्तर टक्क्यांवर टक-टक सुरू झालं. पट्टी थांबली. लाल पाटी आली: वाचता येत नाही. सगळं थांबलं.

१९ जानेवारी

तीनदा केलं, तीनदा एकाहत्तर. मेलं एक टक्का पुढे जात नाही.

म्हणून आज एकेक फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन पाहिला. वाढदिवस त्यावर गेले. लग्नं गेली. श्रद्धांजल्या गेल्या. सगळ्या गावाचे चेहरे गेले, मेलेले-जिवंत सगळे. एकच फाईल गेली नाही. तिच्यावर आलं की टक-टक. कोणती ते लिहायला नको.

इतके गुंड, पुढारी, दात काढून हात जोडणारे भावी सरपंच, सगळे ठणठणीत. सडायला जागा मिळाली ती आबांच्या अक्षरांवर. त्या डिस्कला डोळे असते तर फोडले असते.

गणेश म्हणाला, "ताई, एक ऑप्शन आहे. खराब जागा स्किप करायची. बाकी सगळं येईल, मशीन चालेल."

"आणि ती फाईल?"

"ती जाईल. फॉन्ट काय गं, शंभर मिळतात. एखादा तसलाच शोधून देतो."

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. तसलाच म्हणे. बापाच्या अक्षराने याचं इंजिनियरिंग झालं. उन्हात शिडीवर उभं राहून, कपाळावर रुमाल बांधून, एकेक पाटी. मी ओरडत होते की आबांची अक्षरं आहेत ती, त्यांच्या हातची, आता कुठून आणशील तो हात? फोन ठेवला आणि दाराकडे पाहिलं. दारातली खुर्ची रिकामी. आबा मागे गेले असावेत झोपायला. ऐकलं नसेल. त्यांना एका कानाने कमीच ऐकू येतं.

२० जानेवारी

आज डिस्क बंदच ठेवली. गणेश म्हणतो, प्रत्येक वेळी चालवली की ती आणखी मरते.

एक गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही. ह्यांनासुद्धा.

कोणी म्हणेल, कागद होते ना मूळचे? त्यावरून पुन्हा स्कॅन कर. आबांनी ते कागद मला शिकवायला लिहिले होते. मी बारावीला असताना. ब्रशने, काळ्या रंगात, मोठ्या ड्रॉइंग शीटवर, एका शीटवर चार अक्षरं. त्यांना वाटायचं गणेश नोकरी करेल आणि वंदना पेंटर होईल. मग तेरा वर्षांपूर्वी मी मशीन आणलं आणि आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, ब्रशने दिवसाला एक पाटी होते आबा, मशीनने पन्नास. ते म्हणाले, पन्नास पाट्या होतील, अक्षर एकबी नाही. मला झोंबलं. म्हणून चोरून ते कागद स्कॅन केले. दाखवायचंच होतं की अक्षरही होतं.

मशीनची चाचणी ज्या दिवशी होती त्या दिवशी शाईची नळी फुटली. काळी शाई मशीनवर, फरशीवर, नव्या कोऱ्या पट्ट्यावर. हाताला जे लागलं त्याने पुसलं. ते हेच कागद होते. सगळे. मी तेव्हा रागात होते, आणि खरं सांगायचं तर हाताला लागले म्हणून नाही, दिसत होते मला. कळत होतं. तरी पुसलं. चुरगळून चुलीत टाकले.

दुकानात कोणी नव्हतं. आबा बुलढाण्याला गेले होते, संध्याकाळच्या गाडीने यायचे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे ब्रश रॉकेलमध्ये धुतले, पट्टीने बांधले आणि माळ्यावर टाकले. पुन्हा कधी काढले नाहीत. मला वाटलं, मशीन आणल्याचा राग.

२१ जानेवारी

गणेशचा सकाळी स्वतःहून फोन. मी उचलणार नव्हते.

"ताई, मी सुट्टी टाकलीये. तुझा कॉम्प्युटर मी इथून चालवतो, तू फक्त सांगेन तसं कर. एक प्रोग्राम आहे, तो चांगलं आधी वाचतो आणि खराब जागेवर शेवटी, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं खातो. वेळ लागेल."

"परवा तर स्किप कर म्हणत होतास."

आधी त्याने प्रोग्रामचं नाव दोनदा सांगितलं. मग म्हणाला, "मले बी त्याच अक्षरात शिकोलं ना आबानं. पाटी-पेन्सिलीवर. रातभर तेच आठोलं."

दहा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून 'मले' ऐकलं. मला रडू आलं आणि रागही आला, की हे परवा सुचलं नव्हतं का?

पेटी उघडून टाकली. टेबलफॅन डिस्कवर लावला, थंड राहायला हवी म्हणे. स्क्रीनवर बाण आपोआप हलतोय, पुण्याहून. आई म्हणाली, "गनेश आला का घरात?" आबा पट्टी पाहत बसले. एका गिऱ्हाइकाने विचारलं, पंखा कॉम्प्युटरला का लावलाय? मी म्हटलं, त्याला ताप आलाय. दुकान बंद आहे, जा.

२२ जानेवारी

नव्व्याण्णव पूर्णांक काहीतरी. गणेश सांगतो, आता शेवटचे तुकडे उरले, तेवढेच आपल्या फाईलमधले. एकेक तुकडा काढायला तासभर.

दुपारी पावणेचारला टक-टक एकदम थांबलं. मला वाटलं, झालं. गणेश म्हणाला, "ताई, डिस्क गेली." नंतर ती फिरलीच नाही. हात लावला तर गरम होती अजून.

२३ जानेवारी

जुनी डिस्क काढली, नवी पेटीत बसवली. चालू झाली. मशीनचं सॉफ्टवेअर चालू झालं. एक फ्लेक्स काढून पाहिला, नीट आला.

आणि मग दिसलं की डिस्क अजून भरलेलीच दाखवते. दोन टीबीची घेतली आणि जागा जुन्याएवढीच! राजकुमारच्या नावाने शिव्या सुरू करणार, तेवढ्यात गणेश म्हणाला, झेरॉक्स आहे ती, जुन्याची मापंही उतरली, उरलेली जागा बाजूला कोरी पडली आहे, ती जोडून घ्यायची. दोन मिनिटांत जोडून दिली. राजकुमार या वेळीही निर्दोष. हा माणूस माझ्या बाबतीत जाणीवपूर्वक निर्दोष राहतो.

शेवटी ती फाईल. उघडायची हिंमत होईना. उघडली. अ, आ, इ, ई. क ख ग. तेच क चं पोट. खाली खाली सरकवत गेले. य र ल व. आणि तिथून पुढे करडा रंग. नुसता करडा. श ष स ह ळ क्ष ज्ञ, सात अक्षरं गेली.

२४ जानेवारी

सकाळपासून जुन्या पाट्या उकरल्या. श शुभलक्ष्मी साडी सेंटरमधून मिळाला. स, ह, ळ, ष मिळाले. क्ष ची तर चिंताच नव्हती. माझ्याकडे आबांच्या अक्षरात केलेले अकरा अध्यक्ष आहेत. ज्ञ कुठेच नाही. तेरा वर्षांत या तालुक्यात एकाही दुकानदाराला ज्ञ लागला नाही. आणि आता लागतोय तो पाटीचं पहिलं अक्षर म्हणून.

अर्जुनरावांना फोन केला, जुन्या पाटीचा फोटो आहे का? आहे म्हणाले, उद्घाटनाचा, पाठवला. पाटीवर झेंडूचा हार, नेमका पहिल्या अक्षरावर लोंबतोय. मी फोनमध्ये ओरडले, "पाटीला हार कशाला घालता तुम्ही लोक?" माझा आवाज बाजारपट्टीपर्यंत गेला असेल. गणेशला सांगितलं, ज्ञ नाही रे, एक ज्ञ नाही. मग टेबलावर डोकं ठेवून बसले.

आईने मागून हाक मारली. मी म्हटलं, मला जेवायचं नाही. ती म्हणाली, "जेवाले नाही. इकडं ये."

मागच्या खोलीत टर्पेंटाइनचा वास. आबा खाटेवर, मांडीवर पाट, पाटावर माझ्या फ्लेक्सचा तुकडा, पांढरी बाजू वर. डाव्या मुठीत ब्रश. तुकडा सरकू नये म्हणून आईने दोन्ही टोकं धरलेली. खाटेखाली, भिंतीशी, दारामागे तुकडेच तुकडे, सगळ्यांवर अक्षरं. वरच्या वीस-पंचवीस तुकड्यांवर नुसते ज्ञ. काही आडवे पडलेले, काहींची शेपटी तुटलेली, शेवटचे जरा उभे.

माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "आई, तू म्हणालीस खिडकी पुसली!"

आई म्हणाली, "त्यायनंच सांगतलं व्हतं, तुले सांगू नको. दिवाळीपासून करून राह्यले."

आबांनी एक तुकडा पुढे केला. मी पाहिला. खरं बोलले, दुसरं काही येतच नाही मला. "हे चालणार नाही आबा. डावीकडे कलतोय. गाठ सुटलीये."

"मंग दुसरा तुकडा आन."

आणला. तुकडे उरलेच नव्हते म्हणून नव्या गुंडाळीतून कापला. त्यांनी लिहिला, मी नाही म्हटलं. ते चिडले, "तुले का समजते?" मी म्हटलं, तुम्हीच शिकवलंय. दुपारभर आम्ही दोघं भांडत होतो आणि आई टोकं धरून बसली होती. सतरावा ज्ञ मी घेतला. कलतोच थोडा. पण गाठ आबांची आहे.

२६ जानेवारी

झेंडावंदन झाल्यावर पाटी लावली. आबांना ह्यांच्या भाजीच्या टेम्पोत पुढे बसवून रोहिणखेडला नेलं. मी अर्जुनरावांना आधीच सांगितलं होतं, पहिल्या अक्षरावर हार घालाल तर याद राखा.

अर्जुनराव मान वाकडी करून बघत राहिले. "वंदनाताई, बाकी समदं उत्तमरावाचं हाये. पह्यलं अक्षर जरासं कलल्यावानी वाटते."

मी बोलणार, त्याआधी आबा टेम्पोतून म्हणाले, "डाव्या हातानं लिवलं."

अर्जुनराव आबांकडे वळले, पुन्हा पाटीकडे पाहिलं. "मंग बराबर हाये," म्हणाले.

परत आल्यावर अक्षरांच्या तीन प्रती केल्या. एक पेन ड्राइव्हवर, एक गणेशला पाठवली, एक ह्यांच्या कपाटात. उजव्या हाताची अक्षरं आणि हा एक डावा ज्ञ. मशीनची नळी गळत होती, तिकडे वळले तर आबा दारात. काठी टेकत एकटे आले होते मागच्या खोलीतून. काखेत दिवाळीपासूनचे सगळे तुकडे, अ पासून, सुतळीने बांधलेले.

बंडल माझ्या हातात दिलं. मशीनखाली सांडलेल्या शाईकडे पाहिलं.

"हे बी स्कॅन कर," म्हणाले. "अन् मशीन पुसाले या बारीले दुसरं फडकं घे."

मग खुर्चीत जाऊन बसले, नेहमीसारखे, रस्त्याकडे तोंड करून.

म्हणजे त्या दिवशी ते बुलढाण्याहून लवकर आले होते. तेरा वर्षं एक शब्द बोलले नाहीत. मी किती वेळ बंडल धरून उभी होते कोण जाणे. शाई पसरत पसरत माझ्या चपलेपर्यंत आली. आधी बंडल कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली आबांच्या सदऱ्याच्या खिशात घातली. मग फडकं शोधायला गेले.